दोन डोळ्यांचे दोन पांढरे

शुक्रवार, मेहकर

पुण्याहून निघालेली रात्रीची बस मेहकरला टेकली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. स्टँडसमोरच्या टपरीवर मामा लाल मफलर गुंडाळून उभे. मला पाहिल्याबरोबर त्यांनी डावा डोळा झाकला, मग तो उघडून उजवा झाकला, मग पुन्हा डावा.

"पाय व माय, या डोयानं पाह्यलं तं तुही ओढनी पांढरी फट्ट हाय. अन् या डोयानं पाह्यलं तं हयदीचे हात पुसल्यावानी."

श्रावणात एका शिबिरात मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा अजून पिकायचा आहे. तेव्हापासून घरातली प्रत्येक पांढरी वस्तू अशी दोनदा तपासली जाते आणि मामी त्याला पार कंटाळली आहे. पण मामा सांगतात ते खोटं नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू त्या पिवळ्यालाच पांढरं धरून हिशेब जुळवून घेतो. एका डोळ्यात नवं स्वच्छ भिंग बसलं की तो हिशेब उघडा पडतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन 1923 साली झालं, आणि नंतर त्यालाही रंगांनी असंच छळलं. मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, "त्याचंबी शिबिरातच झालं का?"

मी पुण्यात दुकानांची प्रकाशयोजना करते. साड्यांच्या दुकानात कुठला पांढरा लावायचा आणि सोन्याच्या दुकानात कुठला, हे ठरवायचे मला पैसे मिळतात. काही वर्षांपूर्वी जपानमधल्या नाओशिमा बेटावर एका काळ्या लाकडी घरात जाऊन बसले होते. त्यानंतर या धंद्याकडे बघायची नजर जरा बिघडली. त्या घराबद्दल उद्या, कारण ते आठवायची खरी जागा लोणारला आहे. सोमवारी अमावास्या. तोवर लोणार, मग पेंच. पेंचचा महाराष्ट्रातला व्याघ्रप्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला, आशियातलं पाचवं. म्हणजे अंधार जपून ठेवल्याबद्दल मिळालेला मान. सोबत मामा, गाडीसकट मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि त्याची पाचवीतली मुलगी. तिला सगळे छोटीच म्हणतात.

मामा चौतीस वर्षं लाइनमन होते. "म्हंजे जलमभर मी उजेड लावला, अन् आता अंधार पाह्याले डिझेल जायाचं," असं ते दिवसभरात चार जणांना सांगून आले. पण पिशवी सगळ्यांत आधी त्यांचीच भरून तयार होती.

संध्याकाळी ओसरीत ट्यूबलाइटखाली बसलो होतो. मी मामांना डॅन फ्लॅव्हिनची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या या माणसाने 25 मे 1963 रोजी बाजारात मिळणारी आठ फुटी पिवळी ट्यूब भिंतीवर पंचेचाळीस अंशांत तिरपी लावली, आणि 1996 साली मरेपर्यंत मुख्यतः ट्यूबचंच काम केलं. दुकानात मिळतील तेवढेच रंग आणि मिळतील तेवढ्याच लांब्या.

"पट्टी तिरपी लावली म्हून कलाकार?" मामा म्हणाले. "मी लावली असती तं मेमो भेटला असता."

"रंगही मोजकेच, मामा. लाल, निळा, हिरवा, गुलाबी, पिवळा, अतिनील. आणि पांढरे चार."

"पांढरे चार?"

एवढं म्हणून मामा गप्प बसले आणि त्यांनी वर ट्यूबकडे बघत एक डोळा झाकला. मग मी हिरव्याची गोष्ट सांगितली. फ्लॅव्हिनच्या हिरव्या ट्यूबच्या उजेडात थोडा वेळ उभं राहिलं की हिरवा हळूहळू विटून पांढरट होतो, आणि दारातून बाहेरचा साधा दिवसाचा उजेड गुलाबी दिसायला लागतो. मला वाटलं होतं, आता मामा चकित होणार.

"त्यात काय! वेल्डिंगवाल्याच्या हिरव्या काचातून घटकाभर पाय अन् काच काढ. दुनिया गुलाबीच दिसते."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका वस्तीवर पहिल्यांदा वीज आली. एका म्हातारीच्या घरात त्यांनी साठचा बल्ब लावला आणि बटण दाबलं. म्हातारीने वर पाहिलं. चुलीच्या धुराने काळं झालेलं आढं, त्यावरची लोंबणारी जाळी, भिंतीचे पोपडे, सगळं एकदम दिसलं. चिमणीच्या उजेडात तिला तिचं घर चाळीस वर्षं स्वच्छ दिसत होतं. ती म्हणाली, "बंद कर बापा, बंद कर."

"मंग?"

"मंग काय, बंद केला. दुसऱ्या दिवशी सारवून-पोतारून घेतलं तिनं, अन् मंगच लावू देला."

शनिवार, लोणार

मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटर. दुतर्फा तूर आणि कापूस. आधी गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेलो. काळ्या दगडाचं, चांदणीच्या आकाराच्या पायावर उभं, बाहेरून कोरीवकामाने भरलेलं. सगळे बाहेरचं पाहतात, मला आतला अंधार पाहायचा होता. अकराच्या उन्हातून आत पाऊल टाकलं आणि आम्ही आंधळे झालो. छोटीने माझा हात धरला. दादाने मोबाईलचा टॉर्च लावायला खिशात हात घातला, तर मीच त्याला थांबवलं.

मामा मात्र सरळ आत चालत गेले आणि वर बघून म्हणाले, "वा रे वा! माणसं कोरले हाय छतावर."

"तुम्हाला दिसतंय?"

"मी येताना एक डोया झाकूनच ठेवला होता ना. सबस्टेशनच्या आंधाऱ्या खोलीत जाचं असलं का आम्ही बाहेर उन्हातच एक डोया झाकाचो. आत गेलं का तोच उघडाचा. कोठी हात लागला तं खेळ खतम, चाचपडाले टाईम कोठी हाय?"

इथे मला नाओशिमाचं ते घर आठवलं. 'मिनामिदेरा' म्हणतात. वास्तुकार तादाओ आंदो यांनी बांधलं, आतलं काम जेम्स टरेल या प्रकाशातच काम करणाऱ्या अमेरिकन कलाकाराचं, 1999 सालचं. भिंतीला हात लावत वळणं घेत आत जायचं. मग बाकावर बसायचं. काहीही दिसत नाही. डोळे उघडे की मिटलेले, हेही कळत नाही. काही मिनिटांनी समोर राखेसारखा एक चौकोन उगवतो. आधी वाटतं भास असावा, मग तो जागचा हलत नाही म्हणून खरा वाटायला लागतो. उठून त्याच्याकडे चालत जाता येतं. शेवटी सांगतात की दिवा सुरुवातीपासून तेवढाच लागलेला होता, त्यात काहीही बदललं नाही. मी दुकानदारांना लक्सचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे, आकडे लिहून देणारी बाई. त्या दिवशी बाकावरून उठताना मला माझे सगळे आकडे अर्धवट वाटले, कारण दिवा तोच असताना माझ्याच डोळ्याने त्याचं मोजमाप पाच-दहा मिनिटांत शून्यापासून खोलीभर नेलं होतं.

होतं ते असं. डोळ्याच्या पडद्यावरच्या, उजेडात आणि रंगांत काम करणाऱ्या शंकूपेशी अंधारात गेल्यावर पाच-दहा मिनिटांत जेवढ्या तयार व्हायच्या तेवढ्या होतात. पण अंधारात पाहण्याचं खरं काम दंडपेशींचं. शंकूपेशी साठेक लाख, तर दंडपेशी बाराएक कोटी. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडाने विरघळून गेलेलं असतं, ते पुन्हा साठायला अर्धा-पाऊण तास जातो. एक डोळा झाकून मामा ते साठवून आणतात. हे मामांना कुणी शिकवलं नव्हतं आणि मला शिकायला जपानचं तिकीट काढावं लागलं.

गर्भगृहासमोर आम्ही दहा मिनिटं गप्प बसलो. छतावरच्या आकृत्या एकेक करून वर आल्या. आधी कडा, मग गुडघे, कोपर, शेवटी चेहरे. रंग कुठलाच नाही. इतक्यात एक सहल आली. पस्तीस-चाळीस पोरं आणि तितकेच टॉर्च. पोरांना ते छत दोन सेकंदांत दिसलं आणि ती पुढे गेली. रागावणार कुणावर, पण मी रागावले.

दुपारी विवराच्या काठावर. लोणारबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकते: बसाल्ट खडकात अवकाशातून येऊन आदळलेल्या दगडाने पडलेला खड्डा, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, तळाशी खारं पाणी. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, अर्थात गावाला ते कायमच ठाऊक होतं. जून 2020 मध्ये मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झालं तेव्हा मामा मुद्दाम पाहायला गेले होते. "साऱ्या दुनियेले गुलाबी दिसलं. मले मातकट. तवा दोन्ही डोये पिकू लागले होते, मले काय मालूम!"

टरेलचंही एक विवर आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात रोडन क्रेटर, विझलेला ज्वालामुखी. तो स्वतः वैमानिक, विमानातून हिंडत त्याने ते शोधलं आणि 1977 साली विकत घेतलं. तेव्हापासून तो त्यात बोगदे आणि आभाळाकडे उघडणाऱ्या खोल्या खोदतोय. शिक्षणाने तो चित्रकार नव्हे. त्याने कॉलेजात संवेदनांचं मानसशास्त्र शिकलं. विवरात उताणं झोपलं की कडा गोल कापते आणि आभाळ टेकलेल्या घुमटासारखं भासतं, त्याला त्या विवरात हेच हवं होतं. आम्ही कमळजादेवीच्या वाटेने खाली उतरलो आणि एका कातळावर चौघंही उताणे झोपलो. घुमट दिसतो, खरंच दिसतो. टरेलला त्यासाठी लाखो टन माती हलवावी लागली. आमचं काम उल्का करून गेली होती, आणि आमच्या खिशाला फक्त येण्याजाण्याचं डिझेल. माकडांनी मात्र पाच मिनिटांत आम्हाला उठवलं.

संध्याकाळी परत वर काठावर. सूर्य गेला आणि मी मामांच्या मफलरकडे बघत राहिले. दिवसभर पेटलेला लाल. पावणेसहा-सहाच्या सुमारास तो तपकिरी झाला, मग काळा. आणि त्याच वेळी शेजारच्या कडुनिंबाची पानं, जी दिवसा साधी हिरवी होती, ती उजळल्यासारखी वाटू लागली. उजेड कमी होताना डोळा शंकूपेशींकडून दंडपेशींकडे कारभार सोपवतो. दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही, निळं-हिरवं जास्त दिसतं. पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. फुलं आणि पानं पहाटेच्या उजेडात पाहता पाहता त्याच्या ध्यानात आलं म्हणे.

"लाल मेला," छोटी म्हणाली. तिने मफलर हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

परतताना दोन्ही बाजूंच्या शेतांत हलणारे टॉर्च दिसत होते. हरभऱ्याला पाणी. शेतपंपांची थ्री फेज वीज रात्रीची होती. "त्याइले विचार अंधाराची मजा," मामा म्हणाले. "एका हाती काठी, एका हाती बॅटरी, पायाखाली साप का पाइप समजत नाई." गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही. अंधार पाहायला जाणं हे ज्याला रात्री शेतात जावं लागत नाही त्याचं काम आहे, एवढं मला मान्य करायलाच हवं.

रविवार, धुकं

पहाटे मामांनी उठवलं. "चाल, कापूस दाखवतो." दार उघडलं तर जग नव्हतं. पैनगंगेच्या अंगाने धुकं चढून शेतावर येऊन बसलं होतं.

बांधापर्यंत पायाखालची वाट दिसली. शेतात शिरल्यावर तीही गेली. कापसाची बोंडं फुटलेली, तीही पांढरी, मग धुक्यात फक्त माझे हात आणि जवळची चार झाडं उरली. मामा दहा पावलं पुढे होते. मफलर दिसत होता तोवर मामा होते, मग फक्त आवाज. मी जागच्या जागी थांबले आणि सरळ समोर पाहिलं.

पहिलं मिनिट पांढरं. मग पांढऱ्याला अंतर नाही हे जाणवलं. ते डोळ्याला चिकटून आहे की मैलभर लांब, सांगता येईना. मग ते पांढरं राहिलंच नाही. राखाडी झालं, आणि थोड्या वेळाने तर राखाडीही म्हणता येईना. डोळे उघडे आहेत आणि पाहणं बंद पडलंय. वरून घाम सुटला. ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती. वोल्फगांग मेट्झगर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमाराला माणसांना एकसारख्या उजळ भिंतीसमोर बसवून हे प्रयोग केले. त्याला 'गान्झफेल्ड' म्हणतात, म्हणजे सगळी नजर भरून एकच क्षेत्र, कुठेही कड नाही, सुरकुती नाही. डोळा उजेड मोजत नाही, फरक मोजतो. जिथे फरकच नाही तिथे तो हात टेकतो. ट्रॉक्सलर या स्विस डॉक्टरने 1804 सालीच सांगून ठेवलं होतं की एका बिंदूवर नजर रोखून धरली तर आजूबाजूचे फिके डाग दिसेनासे होतात. डोळा एरवी सतत बारीक थरथरत राहून फरक तयार करत असतो म्हणून जग टिकतं.

1968-69 मध्ये लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाच्या एका उपक्रमात टरेल, रॉबर्ट अर्विन हा दुसरा कलाकार आणि अंतराळ उद्योगात काम करणारा एड वोर्ट्झ हा मानसशास्त्रज्ञ असे तिघे असल्याच खोल्यांच्या मागे लागले होते. पुढे टरेलने गान्झफेल्डच्या रंगीत खोल्याच बांधल्या. भिंत, कोपरा, जमीन यांची सांधेजोड नाहीशी करायची आणि सगळीकडे एकसारखा प्रकाश भरायचा. त्या प्रकाशाला लोक वस्तू समजतात. 1980 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्याचं प्रदर्शन होतं. भिंत समजून एक बाई प्रकाशालाच टेकायला गेली, पडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मी हे सगळं दुसऱ्यांना ऐटीत सांगायचे. मेहकरच्या कापसात उभं राहून मात्र मला पुढे पाऊल टाकायची हिंमत होईना. पुढे विहीर आहे, हे आठवत होतं. ती किती पुढे, ते नाही.

"मामा!"

"बोल व."

"विहीर कुठे आहे?"

"तुह्या मांगं." हसण्याचा आवाज. "उभी राय. ऊन येते आता."

उन्हाला आणखी पाऊण तास लागला. मामा येऊन शेजारी उभे राहिले तेव्हा मफलर आधी दिसला, मग मामा. वेचणीच्या बाया तोवर धुऱ्यावर बसलेल्या. दवाने ओला कापूस वेचत नाहीत. त्यांच्यातली एक म्हणाली, "धुईत कापूस अन् धुई एकच, हातानंच हुडकावं लागते." आठच्या पुढे धुकं वर उचललं गेलं आणि शेत एकदम लांबरुंद झालं. कापसाचं प्रत्येक बोंड वेगळं.

मग पांढऱ्याचा शेवटचा धडा झाला. व्यापारी गावात काटा लावून बसला होता. पहिल्या वेच्याचा ढीग वेगळा, कवडी म्हणजे डागाळलेला हलका कापूस वेगळा. तो मूठभर कापूस उचलून सावलीतून बाहेर येई, उघड्या आभाळाखाली धरे, चिमटीत धागा ओढे आणि भाव बोले. पत्र्याच्या शेडमधल्या एलईडीखाली तो कापसाकडे ढुंकूनही पाहत नव्हता. त्याला कुणी केल्व्हिन, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, शिकवलेलं नाही, पण कुठल्या उजेडात फसायला होतं ते त्याला पक्कं माहीत आहे. मामांनी दोन ढिगांमध्ये उभं राहून दोन्ही डोळ्यांचा प्रयोग केला. उजव्याने दोन ढीग, डाव्याने एकच. "म्हंजे मागच्या दोन वर्षं मी कवडी अन् पयला वेचा एकच समजून इकला," ते म्हणाले. व्यापारी कानकोंडा होऊन काट्याकडे पाहू लागला.

दुपारी मामीच्या हातची भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा खाऊन निघालो. समृद्धी महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की तो सरळ, रुंद आणि एकसारखा आहे, आणि दोन तासांनी दादाला चहा हवाच होता. सकाळच्या धुक्याचाच चुलतभाऊ. फरक नसला की मेंदू झोपतो. नागपूरला नातेवाइकांकडे मुक्काम. त्यांच्या गच्चीवरून मोजून अकरा तारे.

सोमवार, पेंच

सकाळी तर्री पोहे खाऊन जबलपूरच्या रस्त्याला लागलो आणि पवनीहून आत सिल्लारीला वळलो. दिवसाची सफारी केली. वाघ दिसला नाही, चितळ आणि गवे दिसले, आणि छोटीला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष रात्रीवर.

मामांचं सगळं लक्ष खांबांवर. इथे जंगलाच्या कडेच्या गावांमधले शंभराहून जास्त दिवे बदलून त्यांची तोंडं खाली केली आहेत, म्हणजे उजेड रस्त्यावर पडतो, आभाळात जात नाही. मामा दर खांबाशी थांबायचे. "आम्ही जे लावले ते अर्धे वरतेच फेकत होते. वर कोन रायते? ढग." थोडं थांबून म्हणाले, "अन् बिल?"

आठच्या पुढे तलावाकाठच्या मोकळ्या जागेवर आम्हाला नेलं. वनखात्याच्या तरुणाने मोबाईल बंद करायला सांगितले. त्याच्या टॉर्चवर लाल कागद. दंडपेशींना लाल दिसत नाही, म्हणून त्या उजेडात साठलेलं ऱ्होडॉप्सिन मोडत नाही. मग अर्धा तास काहीच न करता बसायचं होतं. मामांना ते अवघड गेलं. त्या वेळात मी त्यांना 1942 सालचा प्रयोग सांगितला. हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी माणसांना अर्धा तास अंधारात बसवून, हिरव्या-निळ्या उजेडाचा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका झोत दाखवला. झोत कमी करत करत त्यांनी पाहिलं की डोळ्यावर 54 ते 148 प्रकाशकण पडले, तर माणूस म्हणतो "दिसलं". त्यातले वाटेत गळून डोळ्यातला पडदा खरोखर शोषून घेतो ते फक्त 5 ते 14.

"कण म्हंजे?"

"उजेडाचा सगळ्यांत लहान दाणा. त्याहून लहान होत नाही."

मामांनी विचार केला. "साठच्या बल्बातून कितीक निंगत असन?"

आकडा सांगायला शून्यं कमी पडतील, असं मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नसावं. सगळी हयात ते उजेड युनिटात मोजत आले होते आणि इथे दाण्यांवर आलो होतो.

आणि मग आभाळ आलं. हळूहळू नव्हे, म्हणजे हळूहळूच, पण आम्हाला एका क्षणी कळलं. दक्षिणेला क्षितिजाशी नागपूरची फिकट पिवळी साय, बाकी सगळीकडे खच्चून तारे. आकाशगंगेला रंग नव्हता, काळेपणालाही नव्हता. काळं म्हणून जे वाटतं ते मिटल्या डोळ्यांतही दिसणारं करडं असतं. जर्मन भाषेत त्याला 'आयगेनग्राउ' म्हणतात, स्वतःचं करडं. संपूर्ण अंधारातही डोळा मुका राहत नाही, स्वतःशीच थोडं पुटपुटत असतो.

दूर डोंगरावर एकच लाल ठिपका होता, मोबाईल टॉवरचा. "तो चालून रायला," मामा म्हणाले. मीही पाहिलं, सरकत होता. छोटीलाही. दादाने काठी जमिनीत रोवून तिच्या टोकावरून नेम धरला तर ठिपका जागचा हललेला नव्हता. अंधारात एकटा दिवा दिसला, बाजूला तुलनेला काहीच नाही, की डोळ्याचीच हालचाल त्या दिव्याला लागते. 1799 मध्ये टेनेरिफ बेटाच्या डोंगरावर हुम्बोल्ट या जर्मन संशोधक-प्रवाशाला तारे झुलताना दिसले होते आणि त्याने ते खरं मानलं होतं. काठी असती तर वाचला असता.

"तिकांडं निंगालं," मामांनी पूर्वेला मृगातल्या तीन ताऱ्यांकडे बोट दाखवलं. त्याच्या वर कृत्तिका, ताऱ्यांचा झुबका. मी छोटीला म्हटलं, मोज. टरेलच्या एका अंधाऱ्या खोलीचं नाव 'प्लीएडीस', म्हणजे याच कृत्तिका. पिट्सबर्गला 1983 पासून आहे, तिथेही बसून वाट पाहावी लागते. ती मी पाहिलेली नाही. छोटीने नऊ मोजल्या, ठामपणे. मला सहा, मग तिरकं पाहून सात. नजर जिथे रोखतो तिथे, पडद्याच्या ऐन मध्यात, दंडपेशी नसतातच. म्हणून मंद तारा पाहायचा तर त्याच्या जरा बाजूला पाहावं लागतं. समोर पाहिलं की पळतो. दादाला पाच, आणि त्याला चष्म्याचा नंबर वाढल्याची शंका आली.

मामांनी उजव्याने सात मोजल्या. मग उजवा झाकला आणि डावा उघडला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"किती?"

"एकबी नाई. धुराचा लोयासारखं कायतरी हाय." ते तसेच बघत राहिले, एका डोळ्याने. "म्हंजे सावन आला नसता तं मी म्हटलं असतं कृत्तिका म्हंजे धूरच."

त्यांना देवयानी दाखवायला मला वीस मिनिटं लागली. जवळजवळ डोक्यावर, पुसट डाग, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची दुसरी आकाशगंगा. नुसत्या डोळ्याने माणसाला त्याहून फार लांबचं काही दिसत नाही. मी सांगे, "त्याच्याकडे पाहू नका, शेजारी पाहा." मामा म्हणत, "शेजारी पाह्यलं तं दिसते, तिच्याकडं पाह्यलं तं जाते. नवी नवरी हाय का?" छोटी हसून हसून खाली बसली, आणि तेवढ्यात मागे आलेल्या एका पाहुण्याचा मोबाईल वाजला. पांढरा चौकोन भसकन उजळला आणि आमचं अर्ध्या तासाचं सगळं एका सेकंदात गेलं. नुसते हिरवे-जांभळे डाग. त्या माणसाने सॉरी म्हटलं. मामांनी मात्र आवाज न करता झाकलेला डोळा उघडला.

"मले दिसून रायलं," ते म्हणाले. पण तो डावा होता, म्हणून फार काही दिसत नसावं.

परत येताना गावातल्या एका खांबाखाली छोटी माझ्या खांद्यावर झोपली होती. दिवा खाली तोंड करून, पिवळसर, रस्त्यावर गोल पाडून लागलेला. मामा थांबले. वर बघितलं, एकदा या डोळ्याने, एकदा त्या. मला वाटलं रंगाबद्दल काही बोलतील.

"क्लॅम्प ढिला हाय," ते म्हणाले. "वाऱ्यानं थोबाड वर करन दोन म्हैन्यात." आणि वनखात्याच्या त्या पोराकडे वळून विचारलं, "बाबू, पक्कड भेटन का कोणाकडं?"